पांढऱ्या कापडाचा संशय

काकासाहेब औटी यांनी कुठलीही वस्तू पहिल्या सांगण्यावर खरी मानली नाही. दूधवाल्यासमोर ते दुधाचा थेंब नखावर घेऊन तो ओघळतो कसा ते बघत. टरबुजाची चौकोनी फोड काढून दाखवल्याशिवाय पिशवीत टाकू देत नसत. देवळापुढचा नारळसुद्धा कानाशी हलवून घेत. "देवाला तरी इस्वासानं नारळ द्या," असं त्यांची बायको बनुबाई म्हणत, तेव्हा ते उत्तर देत, "देवाला सडका नारळ दिला तर पाप नारळवाल्याला लागंल का मला? तेवढं सांग."

हा स्वभाव त्यांनी नगरच्या कापड बाजारात कमावला होता. तिथल्या एका जुन्या साड्यांच्या दुकानात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गादीवर मांडी घालून गेली. रेशमी म्हणून आलेल्या साडीच्या कडेचा धागा ओढायचा, त्याला काडी लावायची आणि वास घ्यायचा, ही त्यांची पद्धत होती. जळक्या केसांचा वास येऊन चुरगळणारी राख झाली, तर माल कपाटात जाई. धागा आकसून त्याचा कडक मणी झाला, तर गठ्ठा तसाच परत बांधला जाई. मोठमोठे व्यापारी त्यांच्या हातातल्या काडीकडे घाबरून बघत. गिऱ्हाईकही काही कमी संशयी नसे. फॉल लावायला ठेवलेली साडी बदलली जाईल अशी बायकांना भीती वाटे. म्हणून काकासाहेब त्यांच्या डोळ्यांदेखत पदराच्या कोपऱ्यात रंगीत दोऱ्याची एक गाठ मारून देत. ती गाठ त्यांची स्वतःची होती. दुकानातल्या दुसऱ्या कुणालाही ती तशी मारता आली नाही.

पुढे मालकाच्या मुलांनी दुकानात मोबाईल विकायला काढले आणि काकासाहेब सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात लागले. तिथे पोलिसांसाठी बुलेटप्रूफ जॅकेटं शिवली जात. आलेल्या कापडात तुटका धागा, सैल वीण, डाग काही आहे का ते तपासायचं, हे त्यांचं काम. कापड पिवळं, दिसायला साध्या जाड तागासारखं. ॲरामिड की काय ते त्याचं नाव. पहिल्याच दिवशी काकासाहेबांनी कडेचा एक धागा खिशात घातला आणि फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीमागे जाऊन त्याला काडी लावली. धागा वितळला नाही, आकसला नाही. नुसता काळा पडला आणि काडी बाजूला घेताच विझला. त्यांनी पुन्हा लावली. पुन्हा तेच.

"ह्याला म्हनत्यात माल," ते टपरीवाल्याला म्हणाले.

त्या दिवसापासून पिवळ्या कापडाशी त्यांचं जमलं. साधी कात्री त्याला नुसती चावायची, कापायची नाही. त्यासाठी दातेरी पात्यांची वेगळी कात्री लागे, याचाही त्यांना अभिमान वाटू लागला. एकच गोष्ट त्यांना खुपायची. पिवळे रोल काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून येत आणि तपासून झाले की लगेच पुन्हा गुंडाळावे लागत. काकासाहेबांना साडी दुकानाबाहेर नेऊन उन्हाच्या उजेडात पारखायची सवय. ते रोल खिडकीशी उघडा टाकून निवांत बघत बसत.

"काका, खिडकीतून काढा ते," चाचणी विभागाच्या शबनम मॅडम एकदा ओरडल्या होत्या. मुकुंदनगरहून रोज बसने येणारी ही शेखांची मुलगी काकासाहेबांच्या लेकीएवढी, मोनिकाएवढी, पण कारखान्यात तिच्या सहीशिवाय एक जॅकेट बाहेर जात नसे. "याला ऊन चालत नाही. ताकद जाते."

"कापडाचा रंग जातो, मॅडम. ताकद कशी जाईल?"

"याची जाते. आणि पाण्याचंही वावडं आहे."

काकासाहेबांनी मान डोलवली आणि मनात म्हटलं, उजेडात तपासू द्यायचं नाही, म्हणून ही सबब. पण काडीच्या परीक्षेत कापड उत्तीर्ण झालं होतं, त्यामुळे त्यांनी तो विषय तिथेच सोडला.

मग एके दिवशी पांढरा माल आला.

गाडी आली तेव्हा खरेदी बघणारा अमृतशेठ स्वतः फाटकावर उभा होता. अमृतशेठ म्हणजे कारखान्याच्या मालकाचा भाचा. एरवी तो केबिनच्या बाहेर पाऊल टाकत नसे. त्या दिवशी मात्र तो गाडीभोवती फिरत होता आणि फोनवर तोंडापुढे हात धरून बोलत होता. काकासाहेबांनी दुरून पाहिलं आणि त्यांच्या मनाने नोंद घेतली.

माल टेबलावर पसरला तेव्हा त्यांची बोटं थबकली. पांढरा, चकचकीत, हाताला मेणचट. वजन जवळपास नाहीच. आणि उभं-आडवं विणकामच नाही! जन्मात त्यांनी न विणलेलं कापड पाहिलं नव्हतं.

"हे कापड न्हाई," ते म्हणाले.

"बरोबर," शबनम मॅडम म्हणाल्या. "विणलेलं नाहीये. धागे शेजारी शेजारी झोपवलेत, वरचा थर आडवा, खालचा उभा, आणि चिकटवलेत. पिवळ्यापेक्षा हलकं. पाणी पीत नाही. टाकलंत तर पाण्यावर तरंगेल."

"बनतं कशाचं?"

"पॉलिइथिलीनचं."

हा शब्द काकासाहेबांनी पिशव्यांवर वाचलेला होता. "म्हंजी कॅरीबॅग?"

मॅडम हसल्या. "कॅरीबॅगचा लांबचा भाऊ म्हणा. पण हा तालमीत गेलेला."

अमृतशेठही हसला, जरा जास्तच मोठ्याने. ते हसू काकासाहेबांच्या डोक्यात रुतून बसलं. मॅडमही सामील आहेत की काय, हा विचार त्यांना पहिल्यांदा तेव्हा शिवला.

दुपारी ते टपरीमागे गेले. पांढऱ्या धाग्याला काडी लावली मात्र, धागा झरकन मागे पळाला, थेंब झाला, आणि मेणबत्ती विझवल्यासारखा वास आला. थेंब गार झाल्यावर त्यांनी तो दाताखाली धरून पाहिला. कडक मणी.

गोळी म्हणजे तापलेलं शिसं. काडीने पळणारा धागा तिच्यापुढे काय टिकणार? कापड बाजारात असा माल त्यांनी डोळे झाकून परत पाठवला असता. तिथे फसगत झाली तर लग्नात एखादीचा पदर फाटत होता. इथे त्या कापडाच्या मागे माणसाची छाती असणार होती.

आणि त्यातली एक छाती त्यांच्या घरची होती. मोनिकाचा नवरा रविराज राज्य राखीव दलात होता, गडचिरोलीच्या जंगलात त्याची तुकडी गस्त घालत असे. मोनिका नेवाशाला सासरी राहायची. रविराज सुट्टीवर आला की दोघं काकासाहेबांकडे चक्कर मारत. नेमका त्याच आठवड्यात तो आला. बनुबाईंनी बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं शेंगोळं केलं होतं. जेवता जेवता रविराजनेच विषय काढला.

"मामा, तुमच्या कंपनीची नवीन जॅकेटं आमच्याकडं येनारेत म्हनं. लई हलकी. जुनं घालून डोंगर चढताना जीव जातो."

काकासाहेबांच्या हातातला घास तसाच राहिला. "त्या अमृतशेठनं आनलेल्या पांढऱ्या मालाची?"

"ते काय म्हाईत न्हाई. पहिल्या लॉटला सगळ्यांना पुरनार न्हाईत."

"आन तुमचं जुनं कसं हाय?"

"जुनं म्हंजी, घामानं भिजलं की तंबूच्या दोरीवर उन्हात टाकतो. खालची शिवन उसवलीय, आतलं दिसतंय."

"कसल्या रंगाचं दिसतंय?"

"पिवळं. आता तपकिरी झालंय म्हना."

काकासाहेबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "पिवळं ना? मग अस्सल. रंग मुरलाय त्याचा. जावईबापू, माझं ऐका. नवीन आलं की तुमचं दुसऱ्याला द्या. जुनं सोडू नका."

"आवं, दुसऱ्याला कशाला मरनाच्या दारात लोटताय?" बनुबाई आतून म्हणाल्या. "खोटं आसंल तर सगळ्यांनाच सांगा की."

बोलणं बरोबर होतं आणि काकासाहेबांना ते टोचलं. "पुरावा हातात आला की सांगनारच हाय," ते पुटपुटले.

रविराज हसत होता, पण सासऱ्याच्या पारखीवर त्याचा भरवसा होता. मोनिकाच्या लग्नातला शालू त्यांनी सतरा दुकानं पालथी घालून आणला होता, हे त्याला ठाऊक होतं. निघताना बनुबाईंनी मढीच्या देवस्थानातून आणलेला काळा दोरा त्याच्या मनगटाला बांधला.

"दोरा मढीचाच हाय का देवळाबाहेरच्या दुकानातला?" काकासाहेबांनी विचारलं.

"तुमाला काडी लावून बघायचाय का?" बनुबाई म्हणाल्या, आणि सगळे हसले. काकासाहेब सोडून.

काही आठवड्यांनी पांढऱ्या मालाची दुसरी खेप आली, तेव्हा पुरावा हातात यावा म्हणून त्यांनी तिचाही धागा तपासायचा ठरवला. पाऊस लागला होता, म्हणून ते टपरीमागे न जाता गोदामाच्या कोपऱ्यात वळले. काडी ओढली, तोच मागून आवाज आला.

"काय चाललंय हे?"

अमृतशेठ. त्याची नजर काडीवरून रोलांवर, रोलांवरून काकासाहेबांच्या खिशावर गेली. गोदामात आगपेटी आणायला बंदी होती. फाटकावर तसा फलकच होता.

"मला बरेच दिवस शंका होतीच," अमृतशेठ म्हणाला. "सारखे टपरीमागे काय जाता, धागे कसले चोरता. कुणी पाठवलंय तुम्हाला? दुसऱ्या कंपनीनं? गोदाम पेटवायला?"

"मी पेटवीन?" काकासाहेबांचा आवाज चढला. "आन तुमी? फोनवर तोंडावर हात धरून बोलता, प्लास्टिक आनून पोलिसांच्या छातीवर बांधता!"

आवाज ऐकून शबनम मॅडम धावत आल्या. दोघांचं ऐकून घेतलं. आधी त्यांनी काकासाहेबांच्या हातातली आगपेटी काढून घेतली आणि त्याबद्दल त्यांना सगळ्यांसमोर झापलं. मग अमृतशेठकडे वळून म्हणाल्या, "फोनवर काय बोलत होतात, ते सांगून टाका ना."

"काय सांगायचं? माल येईपर्यंत दुसऱ्या पार्टीला भाव कळू नये, म्हणून दबक्या आवाजात बोलतो," अमृतशेठ तडकून म्हणाला. "याला कामावरून काढा."

"काढू नंतर. पहिल्या लॉटसारखेच याही लॉटचे नमुने पुढच्या आठवड्यात गोळीबाराच्या चाचणीला जायचेत. काका, तुम्हाला संशय आहे ना? मग नमुना तुम्हीच निवडा."

काकासाहेबांनी डोळे बारीक केले. दाखवायचा एक आणि बांधून द्यायचा दुसरा, हे कापड बाजारातलं सगळ्यांत जुनं कसब. "वाटंत बदलला तर?"

"तुम्ही सोबत चला."

त्यांनी ढिगाच्या मधून, कुणाचा हात पोहोचणार नाही अशा जागेतून जॅकेटात घालायचं थरांचं एक पॅनेल ओढलं. वरचं कव्हर सील व्हायच्या आधी थरांच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याची आपली ती गाठ मारली. खोक्यावर गोणपाट चढवून टाके स्वतः घातले. टेम्पोत मागे खोक्यावरच बसले. वाटेत चालकाने चहाला थांबवलं तेव्हा त्यांनी पेला वर मागवला.

चाचणी केंद्रात त्यांना जाड काचेमागे उभं केलं. ओल्या मातीचा मोठा ठोकळा मांडला होता, त्याच्यावर पॅनेल बांधत. गोळी अडली तरी माणसाला मागून किती दणका बसेल ते त्या मातीतल्या खड्ड्यावरून कळतं, असं मॅडमनी सांगितलं. पहिल्यांदा नवं पिवळं. धाड आवाज झाला. गोळी आतच राहिली. काकासाहेबांनी मान हलवली, हे त्यांना ठाऊकच होतं.

मग त्यांचं पांढरं. पुन्हा धाड. माणूस पॅनेल घेऊन आला, कव्हर फाडलं, आणि काकासाहेबांनी सगळ्यांत आधी कोपरा पाहिला. लाल गाठ. त्यांचीच. थर उलगडत गेले, आणि मागच्या थरांच्या पुष्कळ अलीकडे गोळी भूछत्रासारखी चपटी होऊन अडकलेली दिसली.

"पन खड्डा?" ते मातीकडे धावले. "पिवळ्यापेक्षा खोल हाय!"

"हो, जरासा खोल," मॅडम म्हणाल्या. "पण ठरवलेल्या मर्यादेच्या आत. दोघांचे गुण वेगळे, काका. पिवळं आगीला भीत नाही, पण उन्हाने आणि ओलीने हळूहळू मरतं. पांढऱ्याला ऊन-पाणी फारसं काही करत नाही, पण उष्णता चालत नाही. शेकोटीशेजारी ठेवलं तर वाया गेलं."

"पन गोळी तापलेली असती..."

"गोळी इतक्या झटक्यात येते, की धाग्याला वितळायला सवडच मिळत नाही. धागा ताणून धरतो आणि तिचा जोर सगळीकडे पसरवतो. तुमची काडी धाग्याला बसून शेकते. प्रश्नच वेगळा विचारते ती."

काकासाहेबांना ते पटलं का, हे सांगणं अवघड. ते गाठीवरून बोट फिरवत राहिले. गाठीवर संशय घेता येत नव्हता.

"आता हे शेवटचं," मॅडम म्हणाल्या. "दलाकडून वापरलेली जुनी आलीत. अजून चालतील का ते बघायला."

ते जॅकेट टेबलावर ठेवलं तेव्हा काकासाहेब पुढे वाकले. खालची शिवण उसवलेली. आतून तपकिरी पिवळं डोकावत होतं. कुणीतरी कितीतरी उन्हाळे ते दोरीवर वाळत घातलेलं. बांधलं. धाड.

या वेळी मातीच्या ठोकळ्यात खड्डा नव्हता, भोक होतं.

"मुरलेला रंग," एवढंच काकासाहेबांच्या तोंडून निघालं. मॅडमना ते कळलं नाही.

टेम्पोत परत येताना ते रविराजला फोन लावत होते. लागत नव्हता. मोनिकाला लावला.

"आप्पा, त्यांच्या ठान्यात रेंज न्हाई. बाहेर आले की तेच फोन करतात. काय झालं?"

"जॅकेट कोनतं घालतो त्यो?"

"तुमी सांगितलेलंच की. नवीन आलेलं त्यांनी त्यांच्या मित्राला दिलं. म्हनाले, मामांची पारख हाय."

काकासाहेबांनी फोन मांडीवर ठेवला. आपण पोराच्या अंगावरून धड जॅकेट काढून त्याला कुजकं घातलं, हे त्यांना वाक्यात मांडून बघवेना. घरी आल्यावर ते ओट्यावर बसून राहिले. बनुबाईंनी चहा ठेवला तो निवला. काही दिवसांनी दुसऱ्या लॉटचीही जॅकेटं गडचिरोलीला पोहोचल्याचं कारखान्यात कळलं. म्हणजे फक्त सांगायचं होतं. आणि सांगायलाच वाट नव्हती. त्या दिवसांत काकासाहेबांनी कशावरही संशय घेतला नाही. दूधवाल्याने काय ओतलं तेही पाहिलं नाही. बनुबाईंना त्याचीच जास्त भीती वाटली.

शेवटी एका सकाळी रविराजचाच फोन आला.

"मामा, मोनिका म्हनली तुमचा जीव वरखाली होतोय. काय झालं?"

"अंगावरचं पिवळं काढा. आत्ता. नवीन लॉटमधलं पांढरं घ्या."

पलीकडून रविराजचा दबका आवाज आला. "मामा, शेजारी कोन हाय? त्यो अमृतशेठ हाय का?"

"कुनी न्हाई. तुमची मामी हाय."

"कंपनीनं नोकरीचा धाक घातलाय का? तसं आसंल तर नुसतं व्हय म्हना."

"आवं न्हाई! गोळी मारून बघितलीय. पांढऱ्यात आडकली, तुमच्यासारख्या जुन्या पिवळ्यातनं आरपार गेली."

"नमुना कुनी निवडला?"

"मी."

"खोक्याला टाके?"

"मीच घातले."

"टेम्पोत बदललं आसंल. वाटंत चहाला उतरला आसाल तुमी."

"चहा खोक्यावर बसून पिलो!" काकासाहेब ओरडले. "आन आत माझी गाठ हुती. लाल दोऱ्याची. तीच निघाली. आता बास करा, किती खोदून इचारता!"

"तुमीच शिकवलंय, मामा."

काकासाहेबांनी एकदा बनुबाईंकडे पाहिलं. मग जे त्यांनी कापड बाजारात कुठल्याही व्यापाऱ्यापुढे कधी म्हटलं नव्हतं, ते म्हणाले. "माझी काडी चुकली, रविराज. जुनं सोडू नका म्हनून तुमाला मीच सांगितलं. त्ये काढा. आन ज्यांच्या अंगावर उसवलेलं आसंल, त्यांनाबी सांगा. आन नवीन शेकोटीजवळ ठिवू नका."

रविराज म्हणाला, "बरं. बदलतो. साहेबांनाबी सांगतो."

"आन मला दाखवा."

"काय दाखवू? काळ्या कव्हरात असतंय. आतलं दिसत न्हाई."

"पॅनेल काढा आन बादलीत टाका. पांढरं आसंल तर तरंगंल."

संध्याकाळी मोनिकाने फोनवर एक व्हिडिओ पुढे पाठवला. प्लास्टिकची निळी बादली, तिच्यात काळं चपटं पॅनेल तरंगत होतं. एका हाताने ते तळाशी दाबलं, सोडलं, आणि ते पुन्हा वर आलं. "बघा मामा," रविराजचा आवाज आला, "तरंगतंय."

काकासाहेबांनी तो पुन्हा लावला. मग पुन्हा.

"झालं ना आता मनासारखं?" बनुबाई म्हणाल्या.

"कव्हरात हवा आसंल तर पिवळंबी तरंगंल," ते हळू म्हणाले. "आन ह्यात तोंड दिसत न्हाई. हात कुनाचा कुनाला म्हाईत."

बनुबाईंनी पदराला हात पुसले, फोन त्यांच्याकडून घेतला आणि चित्र बोटाने थांबवलं. पाण्यात बुडालेल्या मनगटावर काळा दोरा होता.

"ही गाठ कुनाची हाय?"

काकासाहेबांनी चष्मा कपाळावर ढकलून फोन डोळ्यांजवळ नेला. गाठ जरा तिरकी होती. बनुबाईंची नेहमीच तिरकी पडते. बराच वेळ ते तिच्याकडे बघत राहिले.

"तुझी," ते म्हणाले, आणि फोन बनुबाईंच्या हातात परत दिला.